शेवटच्या थांब्याच्या पुढे

"हीटर बसल्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही," बायकोने सांगून टाकलं आणि ती मटार सोलायला लागली.

ही तिची चौथी अट. पहिली पडद्यांची होती, दुसरी शेगडीची, तिसरी केस विंचरायच्या आरशाची. ड्रायव्हरने तिन्ही पुऱ्या केल्या, त्यात चार वर्षं गेली आणि पाव पोचवणाऱ्या एका म्हाताऱ्या गाडीचं मोटारहोम, म्हणजे फिरतं घर, झालं. दारासमोरच्या उतारावरून ते अजून एक इंचही हललं नव्हतं.

ड्रायव्हर आता निवृत्त होता. एकतीस वर्षं त्याने एकाच मार्गावर बस चालवली. शेवटचा थांबा त्याच्या घराच्या थोडा खाली, उताराच्या मध्यावर. तिथे आलं की न्यूट्रल, हँडब्रेक, आठ मिनिटं विश्रांती, मग बस वळवून परत. थांब्यापुढे रस्ता झाडीत शिरून वळायचा आणि त्या वळणापलीकडे काय आहे, ते त्याने कधीच पाहिलं नव्हतं. चालत गेला असता तर पाच मिनिटांत दिसलं असतं. पण ड्रायव्हरने रस्ता पायी बघायचा म्हणजे आचाऱ्याने नुसत्या वासावर जेवायचं, असं त्याचं मत. जायचं तर गाडीने, शेजारी बायकोला बसवून. तोवर रोज जेवताना तो अंदाज बांधायचा. "तिकडे तळं असणार. वाऱ्याला ओल असते." दुसऱ्या दिवशी सफरचंदाच्या बागा. एका उन्हाळ्यात तर त्याने तिथे आख्खा समुद्र आणून ठेवला होता. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "ताटात बघा."

डिझेलवर चालणारा हीटर खोक्यातून आला. सोबत एक पुस्तिका होती. तिच्यातला माणूस प्रत्येक चित्रात हसत होता, हातात करवत असतानासुद्धा. काम सोपं होतं. गाडीच्या तळाला तळहाताएवढं भोक पाडायचं, त्यातून दोन नळ्या खाली सोडायच्या, एक हवा आत घेणारी, एक धूर बाहेर टाकणारी. ऊब तेवढी आत राहते.

मदतीला शेजारचा शिंपी आला. पडदे त्यानेच शिवले होते. त्याने गळ्यातली टेप काढली, हीटर सगळ्या बाजूंनी मोजला, कानामागचा खडू काढून तळावर गोल आखला. ड्रायव्हरने कापला. तुकडा खाली पडला आणि दोघांनी आत वाकून पाहिलं. भोकातून मांजर आरामात ये-जा करू शकलं असतं.

"हे एवढं मोठं कसं?"

"माया ठेवलीय," शिंपी म्हणाला. "शिवणीला चारी बाजूंनी थोडं जास्त धरावंच लागतं, ड्रायव्हरसाहेब. उद्या हीटरचं अंग भरलं तर?"

"लोखंडाचं अंग भरतं?"

"माझ्या गिऱ्हाइकांना पण तसंच वाटतं."

आता भोकावर काहीतरी टाकणं आलं. स्वयंपाकघरातल्या सगळ्यांत मोठ्या पातेल्याचं झाकण अगदी बेताचं निघालं. ते तिथून हलवणं हे मात्र दरोड्याचं काम होतं. बायको मटाराची सालं टाकायला गेली तेवढ्यात शिंप्याने ते कोटाखाली दडवून आणलं, आणि वाटेत तिलाच भेटल्यावर "पोटात वारा धरलाय" असं सांगितलं. पोटावर टकटक करून बायको म्हणाली, "स्टीलचा दिसतोय."

झाकणाला स्क्रू हवे होते. ड्रायव्हर ड्रिल चालवत होता. तिसऱ्या स्क्रूला खालून "टिंग" असा आवाज आला आणि काहीतरी सुटून रस्त्यावर आपटलं.

"काय होतं ते?" शिंप्याने विचारलं.

"असेल काहीतरी जास्तीचं. कारखानावालेसुद्धा माया ठेवतात," ड्रायव्हर म्हणाला.

दुपारी बाराला हीटर चालू झाला. आधी खोकला, मग शिंकला, मग त्याचा छोटा पंप टिक टिक करत कामाला लागला. धूर शहाण्यासारखा बाहेर गेला. दहा मिनिटांत शिंप्याने कोट काढला. बायकोला बोलावणं गेलं.

ती आत आली. झाकण तिने ओळखलं. ऊब अंगावर घेत ती पुढच्या सीटवर बसली. तिने स्वेटर काढला, मांडीवर घडी घातली, परत उलगडला. वर्गात सगळी उत्तरं संपलेल्या मुलीसारखा तिचा चेहरा झाला होता.

"छान झालंय," ती म्हणाली. "फक्त चपला ठेवायला एक कप्पा..."

"करतो," ड्रायव्हर म्हणाला. पण त्याचा आवाज असा बारीक झाला होता की पंपाच्या टिकटिकीत बुडाला. तो स्टेअरिंगपाशी जाऊन बसला. नुसता. समोरच्या काचेतून थांब्याचा खांब आणि ते वळण दिसत होतं. त्याने किल्ली लावली, तीही नुसती. आणि थांबा समोर दिसताच एकतीस वर्षांच्या सवयीने हाताने गिअर काढून न्यूट्रल केला.

हँडब्रेक ओढलेलाच होता. फक्त त्याची तार तिसऱ्या स्क्रूपासून रस्त्यावर पडलेली होती.

गाडी हलली. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीतून उठावं तशी, कुरकुरत.

"अहो! ब्रेक!"

"दाबतोय," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा पाय ब्रेकवर होता खरा. नुसता.

"दुकान उघडं आहे माझं!" मागून शिंपी ओरडला.

खांब जवळ आला. बाजूला आला. मागे गेला. ड्रायव्हरच्या घशातून एक बारीकसा आवाज निघाला. गाडी झाडीत शिरली, पानांच्या सावल्या काचेवरून सरसर गेल्या, वळण आलं, तेही संपलं. समोर दुसरा खांब दिसला आणि ड्रायव्हरच्या पायाने आपोआप कच्चकन ब्रेक दाबला. गाडी खांबाला अगदी बिलगून थांबली. एक बाई पिशवी घेऊन पुढे आली आणि विचारू लागली, "स्टेशनला जाते का?"

खांबावर लिहिलं होतं : शेवटचा थांबा. पलीकडच्या बस कंपनीचा. तिची हद्द इथे संपत होती. एक बस उभी, एक बाक, एक बटणांचं दुकान. तळं नाही, बागा नाहीत. समुद्रासाठी तर जागाच नव्हती.

दुकानदाराने हात हलवला. "काय शिंपीबुवा, आज गाडीने?" आणि बायकोकडे वळून, "वहिनी, लोकर आलीय तुमची."

ड्रायव्हरने हळूच मान वळवली. "तुला माहीत होतं?"

"मागच्या पायऱ्यांनी येते मी. दर बुधवारी," बायको स्वेटरकडे बघत म्हणाली.

"आणि तुम्ही?"

"पडद्यांना अकरा महिने काय उगाच लागतात?" शिंपी पुटपुटला.

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज काहीतरी नवीन सांगायचात तुम्ही. समुद्राच्या वेळी तर दोन घास जास्त जेवलात. इथे बटणांचं दुकान आहे म्हटलं असतं, तर पुढची वर्षं जेवताना बोलला काय असता?" तिने स्वेटर मुठीत धरला. "आणि मला तरी काय ऐकायला मिळालं असतं?"

पंप टिक टिक करत होता. ड्रायव्हरने मधल्या जागेतून हात नेऊन तिचा स्वेटर तिच्या गुडघ्यांवर नीट पसरला.

काचेवर टकटक झाली. बाहेर पलीकडच्या बसचा ड्रायव्हर उभा होता, गणवेशात, हातात चहाचा कप. वळणाकडे मान उंचावून बघत तो म्हणाला, "तुम्ही वरून आलात ना? काय आहे हो तिकडे? बावीस वर्षं झाली, मी इथूनच वळतो."

ड्रायव्हरने बायकोकडे पाहिलं. मग त्या माणसाकडे, त्याच्या थंड होत चाललेल्या चहाकडे.

"सांगून कळायचं नाही," तो म्हणाला. "जाऊनच बघायला हवं. गाडी आहे?"

"जुनी अँब्युलन्स घेतलीय. पण आमची ही म्हणते, आधी पडदे."

"बरोबर म्हणतात वहिनी," ड्रायव्हर म्हणाला आणि मागे वळून शिंप्याला हाक मारली. "यांचं माप घ्या हो. घाई नाही."