साठेकाकांची तिकडची रेघ

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ बनियनवर आमच्या दारात उभे. नाव नाही, गाव नाही. म्हणाले, "तिकडे सूर्य उगवला हं." मी हादरलोच. बाहेर केव्हाचं चटका बसणारं ऊन पडलं होतं.

हे साठेकाका. जन्मभर जहाजांवर रेडिओ ऑफिसर, बायको गेल्यापासून एकटे. 'तिकडे' म्हणजे नॉर्वेच्या पार वरच्या टोकाला. तिथलं एक केंद्र अगदी कमी फ्रिक्वेन्सीचे रेडिओ सिग्नल दिवसरात्र मोजतं आणि त्यांचा आलेख इंटरनेटवर टाकतं. सूर्य उगवला की रेघ खाली येते, मावळला की वर चढते. लोक क्रिकेट बघतात तशी काका ही रेघ बघतात. लिफ्टमधल्या अरबी शेजाऱ्यालाही सोडत नाहीत. "हबीबी, टुडे सनराइज लेट." तो बिचारा "इन्शाल्ला" म्हणून मोकळा होतो. हिवाळ्यात तिकडे सूर्य उगवतच नाही, रेघ वरच गोठून राहते. तेव्हा काका दुबईत स्वेटर घालून फिरतात.

परवा दुपारी मात्र ते अनवाणी आले.

"साडेबारा झाले. आज रेघ तुटली नाही."

"न तुटलेली बरी की, काका."

"रोज आपल्या बाराला, तिकडच्या सकाळी, पाच मिनिटं तुटते. मशीन बंद करून तपासतात ना."

"मग तपासणारा रजेवर असेल."

"तपासणारी. माझी रेवती."

आठ वर्षांचा शेजार, आणि काकांना मुलगी आहे हे मला आज कळत होतं.

"तिच्या लग्नाला मी गेलो नाही," ते म्हणाले. "तेव्हापासून बोलणं खलास. रेघ तुटली की समजायचं, उठली, कामावर आली, बरी आहे."

"फोन करा."

"कुठल्या तोंडाने?"

नंबर मात्र तोंडपाठ होता. मीच लावला आणि मोबाईल त्यांच्या हातात दिला. पलीकडून बसलेल्या आवाजात "हॅलो" आलं. काका मोबाईल परत माझ्याच हातात कोंबायला लागले. मला तर राग यायला लागला होता. शेवटी घसा खाकरून, साहेबाला रिपोर्ट द्यावा तसे म्हणाले, "आज तुझी सकाळची तपासणी राहिली."



"बाबा? ताप आहे मला, घरीच आहे. पण तुम्हाला कसं... तुम्ही रोज बघता?"

काकांनी नुसती मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली. फोनवर मान हललेली कळत नाही, हे जन्मभर रेडिओवर बसलेल्या माणसाला मला सांगावं लागलं.