मंजूर कांदा

ताथवड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जानेवारीच्या पहिल्या सोमवारी चित्रकलेचा अभ्यासक्रम सुरू झाला. महाविद्यालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आजूबाजूची चार महाविद्यालयं आपलीच बदनामी झाली म्हणून नोटिसा धाडतील.

अभ्यासक्रम सुरू झाला त्यामागे कुणाला चित्र काढता यावं असा हेतू नव्हता. नव्या धोरणाप्रमाणे दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक कलाविषय घ्यायचा होता, दोन क्रेडिटचा. नृत्याला आरसे लागतात. गायनाने शेजारच्या वर्गांना त्रास होतो. चित्रकलेला नुसता कागद लागतो आणि आवाज अजिबात होत नाही. म्हणून चित्रकला.

शिकवायला नेमला गेला संघर्ष सोनकांबळे. वय छत्तीस, हात चांगला, नोकरी नेहमीच तात्पुरती. त्याच्या नेमणूकपत्रात शेवटी एक वाक्य होतं : ‘सत्र समाधानकारकरीत्या पार पडल्यास कायम करण्याचा विचार केला जाईल.’ त्याचे वडील भीमराज यांनी पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढली होती, त्यातली पहिली अकरा टेम्परवारी म्हणून. त्यांनी पत्र हातात घेतलं, त्यातला ‘कायम’ एवढाच शब्द मोठ्याने वाचला आणि पत्र लॅमिनेट करून आणलं.

स्टुडिओ म्हणून जुनं वर्कशॉप मिळालं. लेथ मशिनं भिंतीला सरकवली, साठ स्टुलं मांडली. मधोमध एका स्टुलावर पांढरं फडकं अंथरून संघर्षने घरून आणलेला एक कांदा ठेवला.

“हा कांदा,” तो म्हणाला. “आधी नीट बघा. मग जे दिसेल ते काढा. सत्रभर आपण एवढंच करणार आहोत.”

मुलांनी मोबाइल काढून कांद्याचा फोटो घेतला आणि खाली मान घालून फोटोवरून चित्र सुरू केलं. फरहीन नावाच्या एका मुलीने तेवढं केलं नाही. ती संगणकशाखेची, वडिलांचं चाकणला गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. ती पहिला अर्धा तास नुसती कांद्याकडे बघत बसली. संघर्षला त्या दिवशी घरी जाताना उगाचच बरं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात भाग्यश्री मॅडम पाहणीला आल्या. मॅडम महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाच्या प्रमुख. त्याआधी चौदा वर्षं त्या चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होत्या, आणि त्यांच्या सहीशिवाय तिथून एक वॉशरसुद्धा बाहेर पडत नसे. संस्थेचे अध्यक्ष सोपानराव यांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. सोपानरावांची पत्र्याचे भाग ठोकून काढणारी स्वतःची प्रेसशॉप होती, आणि जे पत्र्याला लागू पडतं ते पोरांना का पडू नये, असा त्यांचा साधा प्रश्न होता.

मॅडमनी साठ चित्रं टेबलावर ओळीने लावली आणि बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं.

“सर, पार्ट एकच आहे ना?”

“हो. कांदा एकच आहे.”

“मग चित्रं साठ प्रकारची कशी?”

“साठ जणांनी काढली म्हणून.”

“याला व्हेरिएशन म्हणतात,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशा. “एप्रिलमध्ये मूल्यांकन समिती येणार आहे. त्यांनी विचारलं, यातला बरोबर कुठला, तर काय दाखवणार?”

“मॅडम, चित्रात बरोबर असा एकच—”

“मास्टर सॅम्पल लागेल,” मॅडम म्हणाल्या.

मास्टर सॅम्पल म्हणजे काय हे चाकण-पिंपरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात रिक्षावाल्यालाही ठाऊक असतं. कंपनीत एक नग पहिल्यांदा मंजूर होतो, त्यावर सह्या होतात, तो सील करून कपाटात ठेवतात आणि नंतरचे लाख नग त्याच्याशी ताडून पाहतात. संघर्षने दहा मिनिटांत एक कांदा काढून दिला. त्या चित्राच्या मागे प्राचार्यांनी सही केली, मॅडमनी केली, सोपानरावांनी मराठीत केली. मग त्याला काच आणि चौकट करून तो भिंतीवर लावला गेला. खोटं कशाला सांगा, संघर्षला आनंद झाला. पंधरा वर्षं चित्रं काढत होता, पण त्याचं चित्र दुसऱ्या कुणी स्वतःहून चौकटीत बसवल्याची ही पहिलीच वेळ होती.

चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की सॅम्पल समोरून काढलेलं आहे आणि मुलं तर कांद्याभोवती गोल बसतात. उजवीकडच्यांना वेगळा कांदा दिसतो, मागच्यांना भलताच. ही त्रुटी ताबडतोब दूर करण्यात आली. साठही स्टुलं एकाच बाजूला, एकामागे एक अशा रांगेत लावली. शेवटच्या मुलाला कांद्याऐवजी एकोणसाठ डोकी दिसत. पण भिंतीवरचं सॅम्पल सगळ्यांना सारखंच दिसत होतं, त्यामुळे तक्रार कुणाचीच आली नाही.

सहाव्या आठवड्यात गेज आलं. पारदर्शक फिल्मवर मंजूर कांद्याच्या आत एक आणि बाहेर एक अशा दोन रेघा छापलेल्या होत्या. फिल्म चित्रावर ठेवायची; विद्यार्थ्याची रेघ दोन्हींच्या मध्ये बसली तर पास. सूट दोन मिलिमीटर, अधिक किंवा उणे. बसली नाही तर चित्राला लाल टॅग लावून कोपऱ्यातल्या लाल पेटीत टाकायचं. चित्रकलेत गुण देताना मास्तरची मर्जी चालते, ही जुनी तक्रार अशा रीतीने कायमची मिटली. आता गुण शिपाईही देऊ शकत होता, आणि दोन सोमवार संघर्ष तापाने पडला होता तेव्हा त्याने ते दिलेही.

आठव्या आठवड्यात कांद्याला कोंब आला.

जानेवारीतला लाल कांदा टिकत नाही, हे चाकणच्या बाजारात कुणीही सांगेल. फडक्यावर बसल्या बसल्या तो एका बाजूने मऊ पडला, सालं सुटली आणि वरून बोटभर हिरवागार कोंब निघाला. एकोणसाठ जणांना ते कळलंच नाही, कारण त्यांनी कांद्याकडे पाहणं केव्हाच सोडलं होतं. फरहीनने मात्र कोंब काढला. बसलेला कांदा, सुटलेलं साल आणि त्यातून बाहेर पडायला धडपडणारा तो कोंब. संघर्ष तिच्या मागे उभा राहिला. आपण कधीकाळी चित्रकार व्हायला का निघालो होतो, ते त्याला त्या कागदावर दिसलं.

मॅडमनी फिल्म ठेवली. कोंब चाळीस मिलिमीटर बाहेर गेला. लाल टॅग.

“मॅडम, कांद्याला खरोखरच कोंब आलाय,” संघर्ष म्हणाला. “तिने बघून काढलंय. तुम्ही स्वतः बघा.”

मॅडम न्यायाने वागणाऱ्या होत्या. त्या उठल्या, स्टुलापाशी गेल्या, फिल्म हातात धरली आणि एक डोळा मिटून ती कांद्यावर लावून पाहिली. खाली-वर करून पुन्हा पाहिली.

“तुमचं बरोबर आहे, सर,” त्या म्हणाल्या. “कांदाच रिजेक्ट आहे.”

आणि त्यांनी कोंबाला लाल टॅग बांधला.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या बसमधून, मास्टर सॅम्पल मांडीवर घेऊन, संघर्ष चाकणच्या कांदा बाजारात गेला. बदली कांदा सॅम्पलशी जुळणारा असावा, असा लेखी आदेश होता. बरकतभाई नावाच्या व्यापाऱ्याने चौकट हातात घेतली, चष्मा वर केला, मग खाली केला.

“सर, फोटो दाखवून लोक नवरी शोधतात. कांदा शोधणारे तुम्ही पहिले.”

“जुळता मिळेल का?”

“माझ्याकडे आज दोनशे पिशव्या आहेत. एकाला एक जुळणारा निघाला तर सगळा माल फुकट घेऊन जा.” बरकतभाईंनी चौकट परत दिली. “कांदा आहे तो, राव. साच्यातून थोडाच पडतो?”

संघर्षने अहवालात प्रामाणिकपणे लिहिलं : ‘बाजारात सॅम्पलप्रमाणे कांदा उपलब्ध नाही. कांदा साच्यातून येत नाही, असे व्यापाऱ्याचे म्हणणे आहे.’ मॅडमनी शेवटच्या वाक्याखाली रेघ मारली आणि अहवाल यंत्र विभागाकडे पाठवला. तिथे थ्रीडी प्रिंटर होता. चार दिवसांत त्यांनी मास्टर सॅम्पलवरून मोजमापं घेऊन जांभळ्या प्लॅस्टिकचा एक कांदा छापून दिला. त्याला वास नव्हता, साल सुटत नव्हती, कोंब येण्याची भीती नव्हती. तो फडक्यावर मांडला गेला, आणि मुलं चित्रावरून बनवलेल्या कांद्याचं चित्र काढू लागली. सोपानराव खास पाहायला आले.

“ह्याला म्हणत्यात प्रगती,” ते म्हणाले. “आमी शाळेत व्हतो तवा खरा कांदा सुद्धा दाखवायला न्हाई आणला कुनी.”

सत्राअखेरीस एकोणसाठ चित्रं गेजमध्ये बसली. लाल पेटीत एकच उरलं, फरहीनचं. आणखी एक काढून दे म्हटलं तर ती म्हणे, माझं काढून झालंय. त्यामुळे उद्दिष्टपूर्ती ९८.३३ टक्के भरली, आणि फायलीत आधीच १०० छापून ठेवले होते.

यावर उपाय नव्हता असं नाही. मॅडमनी संघर्षसमोर एक फॉर्म ठेवला. ‘विचलन मान्य’ असं त्याचं शीर्षक होतं.

“चित्र आहे तसं पास करायचं असेल तर इथे सही करा,” त्या म्हणाल्या. “मी अडवणार नाही. फक्त विचलन मान्य करणाऱ्याची जबाबदारी वैयक्तिक असते. समितीने विचारलं तर उत्तर तुम्ही द्यायचं.” मग थोडं थांबून, अगदी आपुलकीने, “तुमची कायमची ऑर्डर पण याच फायलीत आहे, सर. अध्यक्ष दोन्ही एकदमच बघतील.”

संघर्ष फॉर्म घरी घेऊन गेला. भीमराजांनी तो चष्मा लावून पुरता वाचला.

“आमच्या खात्यात ह्याच्यावर सही करायला बडे साहेब पण घाबरायचे,” ते म्हणाले. “पोरगी चुकलीये का?”

“नाही. तिचंच एकटीचं बरोबर आहे.”

भीमराजांनी फॉर्म घडी घालून परत दिला. “अकरा वर्षं टेम्परवारी होतो मी,” एवढंच ते म्हणाले, आणि उठून गेले.

सकाळी संघर्षने फरहीनला स्टुडिओत बोलावलं. फॉर्म त्याच्या खिशात होता, कोराच.

“तुझं चित्र वर्गात सगळ्यात चांगलं आहे,” तो म्हणाला.

“मग पास करा ना, सर.”

“मी केलं तरी समिती ते काढून टाकेल.” हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. “विषय राहिला तर बॅकलॉग लागेल. बॅकलॉग असला की कंपन्या मुलाखतीला उभं करत नाहीत. दोन क्रेडिटसाठी कशाला?”

“तुम्हीच म्हणाला होतात, जे दिसेल ते काढा.”

“हो, म्हणालो होतो.”

ती त्याच्याकडे पाहत राहिली. कांद्याकडे पाहायची तशीच, नीट. संघर्षला ते सोसवेना. त्याने खिडकीबाहेर नजर वळवली. फरहीनने कागद ओढला आणि चार मिनिटांत मंजूर कांदा काढून दिला. त्याने फिल्म ठेवली. रेघ बरोबर मधोमध होती.

“वर बघायची गरजच नाही लागली, सर,” ती म्हणाली. “आता बरोबर आहे ना?”

“बरोबर आहे,” संघर्ष म्हणाला आणि त्याने चित्राखाली सही केली. त्याला स्वतःची लाज वाटली, पण सही सुरेख आली.

समिती आली. साठ एकसारखे कांदे पाहून समितीचे अध्यक्ष महोदय सद्गदित झाले. इतकी शिस्त त्यांनी कुठल्याही कला महाविद्यालयात पाहिली नव्हती. फायलीवर १०० टक्के तसेच राहिले. संघर्षला कायम करण्यात आलं आणि पुढच्या वर्षी शिल्पकलाही सुरू करावी, अशी शिफारस झाली.

शेवटच्या शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं. दाराशी गुणांची यादी लावली होती. पालकांनी त्या यादीचे फोटो काढले, चहा घेतला आणि ते पांगले. आतमध्ये भिंतींपाशी फारसं कुणी गेलं नाही. फरहीनची आई रहिमाबी तेवढ्या गेल्या. लेकीच्या क्रमांकाखालचा कांदा त्यांनी जवळून पाहिला, लांबून पाहिला.

“हा तू काढलास? घरी वहीत तर कोंबवाला होता. तो कसा जिता वाटत होता.”

“अम्मी, तो नापास झाला.”

“या अल्ला!” रहिमाबींनी छातीवर हात ठेवला. मग त्यांनी पुन्हा एकदा भिंतीकडे पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला. “बरं केलंस बाई, बदललास ते.”

संघर्ष तिथेच दोन पावलांवर उभा होता. आपल्याला कुणीतरी दोन शब्द सुनवावेत म्हणून तो सकाळपासून वाट पाहत होता. कुणी सुनावले नाहीत. उलट रहिमाबींनी जवळ येऊन त्याचे आभार मानले.

इथवर वाचणाऱ्यांनी भाग्यश्री मॅडमना हसून घेतलं असेल, संघर्षला नावं ठेवून झाली असतील. आता एकच प्रश्न, सक्तीचा. फरहीन आपली मुलगी असती आणि मुलाखती पुढच्या महिन्यात असत्या, तर आपण तिला कोणता कांदा काढायला सांगितला असता? उत्तर दिलेल्या जागेतच लिहावे. पुरवणी मिळणार नाही.