शब्दातून गळालेला माणूस

दसऱ्याच्या सकाळी वेणीमाधवरावांनी आरशापुढे टोपी नीट करत जाहीर केलं, की आज अकरा वाजता गोपीनाथचं तोंड कायमचं बंद होणार. ऐकायला घरात फक्त सीताबाई होत्या, आणि त्या झेंडूचा हार ओवत होत्या.

"अकराला पोचलात तर," त्या म्हणाल्या.

काशीतल्या मराठी मंडळाचं दसरा संमेलन दरवर्षी रामनगरला गोपीनाथच्या बंगल्यात भरतं. गोपीनाथ बँकेतून निवृत्त झालेला. बंगला त्याचा, माइक त्याचा, म्हणून भाषणही त्याचंच. वेणीमाधवरावांनी पस्तीस वर्षं संस्कृत शिकवलं, पण मंडळाने नऊ वर्षं त्यांच्या वाट्याला ठेवलं ते आभारप्रदर्शन. गेल्या साली तर कहर झाला. 'रिक्षा' हा शब्द संस्कृत 'रक्षा'वरून आला, प्रवाशाचं रक्षण करते ती रिक्षा, असं गोपीनाथने बेधडक ठोकून दिलं, टाळ्या घेतल्या, आणि त्या विद्वत्तेबद्दल आभार मानायची पाळी वेणीमाधवरावांवर आली. ते आभार वर्षभर त्यांच्या घशात बोराच्या आठळीसारखे अडकून बसले होते.

यंदा त्यांनी भांडून वीस मिनिटं मिळवली होती. गोपीनाथची अट एकच. अकराच्या ठोक्याला वक्ता हजर नसला, तर त्या वेळात गोपीनाथच्या युरोप सहलीचे फोटो.

मुन्शी घाटाच्या गल्लीबाहेर शिवरामचा टोटो उभा होता. बॅटरीवर पळणाऱ्या रिक्षेला बनारसात टोटो म्हणतात. सीताबाई गुडघा सांभाळत आल्या आणि गाडी बघून थबकल्या.

"आज दसरा, और गाडी ऐसी बोडकी?"

"माताजी, हमारे यहाँ तो विश्वकर्मा पूजा के दिन हो गई पूजा," शिवराम म्हणाला.

"वो तुम्हारी. आज हमारी."

पिशवीतून हळदकुंकू निघालं, अक्षता निघाल्या. हार मात्र वेणीमाधवरावांनी स्वतः बांधला. सत्यनारायणाच्या चौरंगाला केळीचे खुंट आवळतात तसे त्यांनी हँडलभोवती करकचून दोन वेढे दिले.

"गुरुजी, एतना कसके मत बाँधिए."

"पूजा है, शिवराम. ढिली नहीं चलती."

वाटेत त्यांनी भाषणाची रंगीत तालीम शिवरामवरच केली. "रिक्षा जापान का शब्द है. जिन-रिकि-शा. जिन माने आदमी, रिकि माने ताकत, शा माने गाड़ी. आदमी की ताकत से चले, वो रिक्षा. बोलते-बोलते लोगों ने आगे का जिन गिरा दिया. समझे? शब्दातला माणूसच गळाला."

"और हमारी बैटरी आई, तो ताकत भी गई," शिवराम म्हणाला.

वेणीमाधवरावांना असा विद्यार्थी पस्तीस वर्षांत भेटला नव्हता. ते पुढचं सांगणार, एवढ्यात रामनगरच्या पुलाच्या मध्यावर टोटो थांबला.

शिवरामने किल्ली फिरवली. दिवे लागले, भोंगा वाजला, पण चाक हलेना. त्याने सीट उचलून तारा चाचपल्या. "मोटर बैठ गया, गुरुजी."

दहा पस्तीस झाले होते. दसऱ्याच्या गर्दीत येणारा प्रत्येक टोटो खच्चून भरलेला. सीताबाईंना चालवत नव्हतं, आणि बायकोला पुलावर सोडून जायला वेणीमाधवराव तयार नव्हते. पण डोळ्यांपुढे युरोपचे फोटो दिसू लागले, आणि पाठोपाठ दहावं आभारप्रदर्शन. त्यांनी उपरणं कमरेला आवळलं.

"अहो, सदुसष्ट वय आहे तुमचं."

"तू बस गं."

शिवराम हँडल धरून बाजूने ढकलत होता, वेणीमाधवराव मागून. अर्ध्या वाटेत टोपी पडली, ती उचलायला थांबले नाहीत. पुढे उतार लागला तेव्हा गाडी ढकलायची सोडून धरून ठेवायची वेळ आली. अकराला एक मिनिट कमी असताना झेंडूने मढलेला टोटो गोपीनाथच्या फाटकात शिरला. आत गोपीनाथने पडद्यावर पहिला फोटो आधीच लावून ठेवला होता. सगळं मंडळ तो सोडून व्हरांड्यात आलं.

वेणीमाधवरावांना धाप लागली होती, पण पस्तीस वर्षांचा मास्तर तो. त्यांनी एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला, दुसरा टोटोवर.

"हा माणूस. ही त्याची ताकद. आणि ही गाडी. जिन, रिकि, शा. शब्दातून गळालेला माणूस मी पुलावरून परत आणलाय."

अशा टाळ्या मंडळात कधी पडल्या नव्हत्या. वीस मिनिटांची चाळीस झाली, कुणी जागचं उठलं नाही. शेवटी खुद्द गोपीनाथने आभार मानले. "माझी ती रक्षा मी मागे घेतो," तो म्हणाला, आणि हातात आपट्याची पानं देऊन त्याने वेणीमाधवरावांना मिठी मारली. घशातली आठळी सुटली. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

निघताना शिवराम त्यांना हळूच हँडलपाशी घेऊन गेला. हार जरा सरकवला, तर हँडलखालचा पुढे-मागे करायचा खटका दिसला. हादऱ्यांनी सरकलेल्या एका टपोऱ्या झेंडूने तो दाबून बरोबर मध्ये, ना पुढे ना मागे, असा आणून ठेवला होता. गाडीला काही म्हणता काही झालं नव्हतं.

"चालू करें, गुरुजी?"

वेणीमाधवरावांनी मागे पाहिलं. सगळं मंडळ कौतुकाने फाटकापर्यंत पोचवायला येत होतं.

"हार पहले जैसा कर," ते कुजबुजले. "मोड़ तक ढकलेंगे."

त्यांनी पुन्हा उपरणं कसलं आणि टोटोला हात लावला. तेवढ्यात गोपीनाथ धावत आला, झब्ब्याच्या बाह्या सारून त्यांच्या शेजारी उभा राहिला.

"तुम्ही एकट्याने का ढकलायचं? पुलाचा चढ संपेपर्यंत मीही येतो."

आत बसलेल्या सीताबाईंनी हार, खटका आणि नवरा असं तिन्ही पाहिलं. मग पाय लांब केले, आपट्याची पानं मांडीवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, "सावकाश ढकला हो दोघं. आता काही घाई नाही."