मधली भिंत

एकोणीसशे अडतीस साली नगरपालिकेला जनतेची दया आली. प्लेगच्या काळात बांधलेल्या तिच्या चाळीची कौलं गळत होती, भिंतींची माती झडत होती आणि डागडुजीचा खर्च काही थांबत नव्हता. तेव्हा पालिकेने ठराव केला की, जो भाडेकरू ज्या खोलीत राहतो त्याने ती विकत घेऊन मालक व्हावं. तापीकाठच्या त्या गावाने एवढं औदार्य पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

कापसाच्या जिनात काम करणारा भिला आणि जकात नाक्यावरचा मगन हे चाळीतले शेजारी. कितीतरी वर्षं दोघं पालिकेला एका सुरात शिव्या देत आले होते, त्यामुळे मैत्री घट्ट होती. दोघांनीही आपापल्या खोल्या घेतल्या.

भाडेकरूला भिंतीत खुंटी ठोकायला मनाई होती. म्हणून मालक झाल्याबरोबर भिलाने बाभळीची हातभर खुंटी आणली आणि मधल्या भिंतीत दणादण ठोकली. पलीकडे मगनच्या बायकोची, जसोदाबाईची, म्हसावदच्या माहेरून आलेली लोणच्याची बरणी फळीवरून खाली आली. पाठोपाठ खुंटीचं टोकही भिंतीतून बाहेर आलं.

मगन दारात येऊन उभा राहिला. "भिलाभाऊ, काय करी ऱ्हायना?"

"खुंटी ठोकी ऱ्हायनू. मन्ही भिंत शे."

"अर्धी मन्ही शे."

"मंग तुन्ही अर्धी तू सांभाळ."

मगनने सांभाळली. बाहेर आलेल्या टोकावर त्याने आपला ओला पंचा वाळत घातला.

"पंचा काढ," भिला म्हणाला. "खुंटी मन्ही शे."

"खुंटी तुन्ही, पन टोक मन्हा घरमा शे."

भिलाने चिडून खुंटी उपटली. तिच्याबरोबर टोपलीभर माती आली आणि भिंतीला भगदाड पडलं. आता भिलाच्या बायकोला, धनुबाईला, शेजारच्या चुलीवर काय शिजतंय ते दिसू लागलं. आणि तिला ते दिसतंय, हे जसोदाबाईला दिसू लागलं. चाळीतली मांजर मात्र काहीही विकत न घेता दोन्ही घरांची मालकीण झाली.

प्रत्येकाने आपापल्या बाजूचं अर्धं भगदाड बुजवावं असं ठरलं. भिलाने आपल्या अर्ध्यात चिखल लिंपला. पलीकडे आधार नव्हता, म्हणून तो मगनच्या पिठाच्या परातीत पडला. "तुन्हा माल तू ठेव," म्हणत मगनने तो परत फेकला, तो धनुबाईच्या डाळीत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. बायका मात्र नवरे कामावर गेले की भगदाडातून निवांत बोलत.

शेवटी दोघे अनोळखी माणसांसारखे पुढेमागे चालत पालिकेत गेले. ओव्हरसियरने सगळं ऐकून घेतलं.

"भिंत तुमच्यापैकी कोणाचीच नाही," तो शांतपणे म्हणाला. "पालिकेने खोल्या विकल्या. खोली म्हणजे भिंतींच्या आतली जागा. भिंती पालिकेच्याच आहेत. त्यांचं भाडं येत्या महिन्यापासून लागेल."

भिला पुढे सरकला. "म्हंजे भिंत भाडानी शे?"

"हो."

"मंग ती पडनी, तं दुरुस्त कोन करी?"

ओव्हरसियर चाचरला. "नियमाने पाहिलं तर... पालिका."

भिलाने मगनकडे पाहिलं. मगन आधीपासूनच त्याच्याकडे पाहत होता. परतताना दोघं खांद्याला खांदा लावून चालत होते, आणि पालिकेच्या कामचुकारपणाबद्दल इतकं जीव ओतून बोलत होते की मगनने आपणहून विडी पुढे केली.

पालिकेने अर्थातच भगदाडाला हात लावला नाही. पावसाळा तोंडावर आला, तसा तिने आणखी एक ठराव केला. ओव्हरसियर स्वतः चाळीत येऊन म्हणाला, "आनंदाची बातमी आहे. आता भिंतीही तुम्हाला मालकीने देणार."

अलीकडून भिलाने आणि पलीकडून मगनने भगदाडातून एकमेकांकडे पाहिलं. मग भिलाने हात जोडले.

"साहेब," तो म्हणाला, "आमनं काय चुकनं?"