सुकटीची मीटिंग

बाबांची होडी नादुरुस्त होऊन किनाऱ्याला पडली की आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ सुकट आणि भाकरी. दुसरं काही नसायचंच. त्या सुकटीवर वाढून मी बी.कॉम. झाले, घराण्यात पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. म्हणून बहारीनला सनद नावाच्या गावाजवळच्या एका मळ्याच्या ऑफिसात नोकरीला लागले आणि पहिल्याच आठवड्यात एक माणूस मांजरांना सुकट वाढताना दिसला, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहो चाचा, माणसं खातात ती!"

"मग मांजरांनी काय गुन्हा केलाय, ग्रॅज्वेट?"

हे इब्राहिमचाचा. रत्नागिरीकडचे, मळ्याचे रखवालदार. मांजरांसमोर उकिडवे बसून भाषण देणार आणि शेवटी हात झटकून म्हणणार, "खलास, मीटिंग संपली. यल्ला, कामाला लागा." मांजरं जायचीही.

मालकाने, म्हणजे अरबाबने, मळ्यावर तित्तर पाळले होते. तित्तर अंडी घालतो झुडपाखाली, जमिनीवरच. मोकाट मांजरांना ताट वाढून ठेवल्यासारखं. जाळीचं कुंपण होतं, पण मांजराला जाळी म्हणजे शिडी. मागच्या हंगामात बहुतेक पिल्लं गेली. अरबाब म्हणाला, विष घाला.

"विष मफी, अजिबात नाही," चाचा म्हणाले. "हा हंगाम मला दे. पिल्लं वाचली नाहीत तर माझं परतीचं तिकीट काढ."

चाचांनी जाळीचा वरचा काठ बाहेर वळवला, म्हणजे मांजर वर चढलं तरी आत उतरणार नाही. मग पिंजरे लावले. मांजर धरायचं, डॉक्टरकडून नसबंदी करून आणायचं, आणि मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला खजुरीखाली सोडून तिथेच रोज खायला घालायचं. माणसाळलेल्यांना घरं शोधायची. एक बोका तर अमवाजच्या श्रीमंत वस्तीत, व्हिलात गेला. मी अजून रिफा शहरात दोघींबरोबर खोली वाटून राहते.

पण पिंजऱ्यात आमिष म्हणून चाचांनी लावली घरून आलेली सुकट! वास वाऱ्यावर गेला आणि आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांतली मांजरं येऊन बसली. अरबाब गाडीतून उतरला, ती जमात पाहिली आणि परत गाडीत बसला. काच जराशी खाली करून ओरडला, "इब्राहिम! मी कमी करायला सांगितली होती!"

"सगळी एकदम मीटिंगला आली, अरबाब. बरंच झालं की!"

खरंच बरं झालं. हळूहळू सगळी धरली गेली. राहिली एक करडी मांजरी. ती कुंपणाच्या आतच कुठेतरी व्याली होती, आणि तित्तर अंड्यांवर बसले होते.

"पिंजरा लावा आणि मोकळे व्हा," मी म्हटलं.

"पिल्लं कुठं लपवलीत ते कळत नाय. आईला उचलली तर ती भुकेनं मरतील."

त्यांनी रजा पुढे ढकलली. मांजरी आणि तित्तर यांच्यामध्ये बाज टाकली, तिथेच जेवण, तिथेच झोप. ती तित्तरांकडे वळली की हे सुकटीची थाळी वाजवायचे, ती परत यायची. उन्हाने माणूस काळाठिक्कर पडला.

"चाचा, एका मांजरीसाठी घरी जायचं सोडलंत?"

त्यांनी थाळी पुसून बाजेखाली सरकवली.

"मी इकडे आलो तेव्हा माझी पोरगी शबाना पाळण्यात होती. पहिल्या रजेला गेलो, तर मला बघून शेजारणीच्या मागे लपली. मला कुणी पिंजऱ्यात घातला नव्हता गो, मी आपल्या पायानं आलो. हिला तरी तिच्या पोरांजवळ राहू दे."

त्यांची सुकट संपली. आईने पाठवलेली पुडी मी जपून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ती नेऊन त्यांच्या हातात दिली.

"माणसं खातात ती, ग्रॅज्वेट," चाचा म्हणाले.

काही दिवसांनी मांजरी स्वतःच पिल्लं घेऊन थाळीवर आली. चाचांनी सगळ्यांना एकत्र उचललं आणि खजुरीखाली नेलं.

त्या हंगामात तित्तरांची पिल्लं जगली. विषाची बाटली मळ्यावर आलीच नाही.