अस्सल, पण जरा आपल्यासारखं

एका जंगलात, बाळांनो, कुणाला भूक लागायचीच नाही. असे दचकू नका. जेवायचे सगळे, अगदी पोट फुटेस्तोवर जेवायचे. पण भूक लागायच्या आधीच "आज कुठे जायचं?" हा प्रश्न पडायचा, आणि तो सुटेपर्यंत भुकेला कुणी विचारत नसे.

पूर्वी हे जंगल साधंच होतं. मग ते वाढलं. त्यात चौक झाले, चौकांत सिग्नल झाले, आणि बघता बघता त्याचं शहर झालं. शहर झालं की घरचं जेवण गोड लागत नाही. का लागत नाही ते मला विचारू नका, आपापल्या वडिलांना विचारा.

सगळ्या प्राण्यांचा मिळून फोनवर एक ग्रुप होता. 'आपलं जंगल, आपली पोटं' असं त्याचं नाव. दर शनिवारी सकाळी त्यावर कुणीतरी विचारायचं, "शहरात चांगलं एशियन कुठे मिळेल?" मग दुपारपर्यंत भांडण. कुणी ओढ्यापलीकडचं नाव सांगे, कुणी टेकडीवरचं. "तिथे आता पूर्वीसारखं राहिलं नाही," असं तिसरा म्हणे. संध्याकाळी सगळे दमून घरीच खिचडी खात.

आपलं जंगलही आशियातच येतं, असं एकदा एका कासवाने नकाशासकट दाखवून दिलं होतं. त्याला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं.

तर या जंगलातल्या तलावावर दर हिवाळ्यात पट्टकदंब उतरायचे. हे बदकांचे उंचेपुरे नातेवाईक. डोक्यावर दोन काळे पट्टे, आणि घर पार हिमालयापलीकडे. थंडी संपली की थवा परत जायचा. त्या वर्षी मात्र एक तरुण पक्षीण मागे राहिली. विजेच्या तारेला धडकून तिचा पंख दुखावला होता. तिचं नाव सोलोंगो.

"पुढच्या हिवाळ्यात येतोच आम्ही," निघताना तिची आई म्हणाली. "तोवर नीट खा." जगातल्या सगळ्या आया जाताना हेच म्हणतात. थवा दिसेनासा होईपर्यंत सोलोंगो मान वर करून उभी राहिली. मग तिने चूल पेटवली.

तिने आईच्या हातचं सूप करायला घेतलं. अळंबी, रानलसूण, तळ्यातलं शेवाळ, आणि हाताने ओढलेल्या जाड शेवया. मीठ बेताचं. आच मंद. बाकी काही नाही. एक घोट घेऊन तिने डोळे मिटले, तर तिला तिकडचं निळं तळं दिसलं आणि काठावर बसलेली आई दिसली. पंख बरा होईल की नाही, घर पुन्हा दिसेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ही चव मात्र आपल्याजवळ आहे आणि ती आपण जपायची, एवढं तिने मनाशी पक्कं केलं.

वास काही लपून राहत नाही. दुसऱ्या दिवशी साळूकाकू दारात हजर. साळूकाकू म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण स्वभावाने प्रेमळ.

"नाव काय गं तुझं?"

"सोलोंगो."

"फार लांब आहे बाई. आम्ही सोनूताई म्हणू. वास छान सुटलाय हो. लसूण आहे का यात?"

"आहे."

"आज माझी चतुर्थी."

"मग उद्या या ना."

"उद्या कशाला? लसूण काढून दे की."

"तो उकळलाय त्यात, काकू."

"म्हणून तर म्हणतेय, मला वेगळं कर. एवढं काय त्यात?"

पोट सोलोंगोलाही होतंच, आणि सूप विकून ते भरेल असं तिला वाटलं. तिने काकूंसाठी बिनलसणाचं वेगळं पातेलं चढवलं. मुख्य पातेल्याला तर आपण हात लावला नाही ना, असं तिने स्वतःला समजावलं.

मग अण्णा हत्ती आले. एक पातेलं रिकामं करून ते विचारात पडले. "ताई, चव आहे. पण काहीतरी घालायचं राहिलंय का?"

"नाही हो, अण्णा."

"फिकं वाटतं जरा. एक गुळाचा खडा टाकून बघा. चव कशी वर येते!"

अण्णांचा खडा म्हणजे केवढा, ते तुम्हीच ताडा. त्यांच्यामागून माकडांची टोळी आली. त्यांना सूप लाल हवं होतं. "एशियन लालच असतं, ताई. आणि वरून शेव मारा ना!" मग भेकराची आई पिल्लाला घेऊन आली. पिल्लाला शेवया आवडत नव्हत्या, त्याला भात हवा होता. कांदा-लिंबू का देत नाही, असं तर येईल तो विचारत होता.

बाळांनो, यातलं कुणीही वाईट नव्हतं, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. कुणी दमदाटी केली नाही. सगळे हसून बोलत, "बाकी काही बदलू नका हं, एवढंच फक्त," असं म्हणत आणि जाताना तिच्या पंखाची चौकशी करत. अशा गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं, ते सोलोंगोच्या देशात कुणी शिकवलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता सूप लालभडक, गोडसर आणि शेवेखाली दिसेनासं झालं. अण्णा म्हणाले, "आत्ता कसं! अस्सल, पण जरा आपल्यासारखं." माकडांनी हौसेने पाटी रंगवून आणली, 'सोनूताईंचं अस्सल एशियन'. शनिवारी ग्रुपवर प्रश्न आला की आता भांडण होईना. सगळे एकच नाव सांगू लागले. तलावाच्या काठी रांग लागायची, आणि सोलोंगोला डोळे मिटून एक घोट घ्यायलासुद्धा फुरसत मिळत नव्हती.

अशा वेळी घोरपडे काका आले.

घोरपड एकदा भिंतीला चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काकांच्या मतांचंही तसंच होतं. शिवाय त्यांनी एकदा पूर्वेकडची सहल केली होती. सहलीबरोबर आपला आचारी होता, त्यामुळे तिकडेही ते रोज वरणभात आणि श्रीखंडच जेवले. पण हॉटेलच्या खिडकीतून समोरच्या फुटपाथवर कुणीतरी सूप पिताना त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानत.

काकांनी जीभ बाहेर काढली. एकदा सुपात बुडवली. रांग श्वास रोखून उभी राहिली.

"अस्सल नाही," काका म्हणाले.

"मग अस्सल कसं असतं, काका?" एका माकडाने विचारलं.

"ते सांगून कळायचं नाही. तिकडे जावं लागतं."

हे ग्रुपवर पोचायला कितीसा वेळ! साळूकाकूंनी लगेच लिहिलं, "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. अस्सल सुपात लसूण असतो. हिच्याकडे मला कधी लसूण लागलाच नाही!" अण्णांनी लिहिलं, "सुपात गूळ कोण घालतं हो?" माकडं तर केव्हाच पुढे गेली होती. वटवाघळाने एका गच्चीवर नवं ठिकाण काढलं होतं, तिथे उलटं लटकून जेवायचं असे. काय जेवलो ते बाहेर आल्यावर कुणाला आठवत नसे, पण फोटो सुंदर येत.

रांग गेली. सोलोंगोला आधी थोडं बरंच वाटलं. चला, आता आपल्यापुरतं आपलं सूप करू. तिने अळंबी घेतली, लसूण घेतला, शेवाळ घेतलं, आणि पाहते तर हात गुळाच्या डब्याकडे निघालेला. तिने तो मागे घेतला. सूप उकळलं. तिने डोळे मिटून घोट घेतला.

तळं दिसलं नाही. आईही दिसली नाही.

तिने पुन्हा केलं. मीठ कमी केलं, मग वाढवलं. आच मंद केली. प्रत्येक वेळी काहीतरी निराळंच व्हायचं, आणि नेमकं काय चुकतंय ते तिला सापडेना. मूळ चव कशी होती, हेच तिला आठवत नव्हतं. सोलोंगो घाबरली. पंख दुखावला तेव्हाही ती इतकी घाबरली नव्हती. चुलीपुढे बसून ती मुसमुसून रडली. मला तिची फार दया येते, आणि ते मी लपवणार नाही.

मग थंडी पडली आणि थवा उतरला. आई धापा टाकत आली. आल्या आल्या तिने पंख पाहिला. तो आता बरा दिसत होता. मग तिने चुलीवरचं सूप चाखलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"वाट लावलीस," आई म्हणाली. तिकडच्या आया इकडच्यांपेक्षा फारशा वेगळ्या नसतात. "ऊठ. बाजूला हो."

आईने नसलेला पदर खोचला आणि पातेलं चढवलं.

इकडे ग्रुपवर गदारोळ उठला. "खरे एशियन आलेत! स्वतः करतायत!" सगळं जंगल तलावाकाठी लोटलं. घोरपडे काका सर्वांत पुढे. आईने प्रत्येकाला वाडगा भरून दिला. फिकट पाणी, त्यात जाड शेवया. साळूकाकूंनी बराच वेळ ढवळून पाहिलं. अण्णांनी घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडातच ठेवला.

"वा!" घोरपडे काका म्हणाले. "हेच ते! अगदी हेच मी पाहिलं होतं!"

"वा, वा," सगळे म्हणाले. "अस्सल!"

मग प्रत्येकाने आपला वाडगा हळूच खाली ठेवला. भरलेलाच. अण्णांनी आयुष्यात प्रथमच भांड्यात काही शिल्लक ठेवलं. काकूंना एकदम आठवलं की घरी कुकर लावायचाय. जाता जाता अण्णा सोलोंगोच्या कानाशी वाकले. "ताई, उद्या तुमचं ते आपलं नेहमीचं असेल ना? घोरपड्यांना कळू देऊ नका."

गर्दी पांगली. आईने उरलेलं सूप ऊन केलं आणि लेकीपुढे ठेवलं. सोलोंगोने भीत भीत घोट घेतला. डोळे मिटले.

तळं दिसलं. निळंशार. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"हेच, आई. हेच मी विसरले होते."

आईचा जीव भांड्यात पडला. ती लेकीच्या पाठीवरून चोच फिरवत राहिली. सोलोंगोने दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. मग ती थांबली.

"आई."

"काय गं?"

"रागावणार नाहीस ना?"

"बोल."

"वरून थोडी कोथिंबीर टाकू?"

कोथिंबीर म्हणजे काय हे आईला माहीत नव्हतं, पण आपली लेक आता कुठली झाली आहे ते तिला समजलं.

"टाक," ती म्हणाली. "पण तुझ्याच वाडग्यात."

तात्पर्य: शहरात चांगलं एशियन कुठे मिळेल, असं कुणी विचारलं तर बेधडक अस्सल ठिकाणाचा पत्ता द्यावा, तिथे जागा हमखास मिळते. आपण मात्र जिथे आपलं ऐकतात तिथेच जावं, पोटभर जेवावं, आणि बाहेर पडताना "अस्सल नव्हतं हो," असं न चुकता म्हणावं.