रेडिएटर बदलल्याबद्दल नाराजी

वस्तू जुनी झाली की तिला गळण्याचा अधिकार प्राप्त होतो, असा आपल्याकडे अलिखित पण कसोशीने पाळला जाणारा नियम आहे. छपरं, कालवे आणि पाण्याच्या टाक्यांनी तो अधिकार वेळोवेळी बजावलेला आहे. त्यामुळे कामठा ते गोंदिया धावणाऱ्या खुशालच्या काळीपिवळीचा रेडिएटर गळू लागला, तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. इंजिन थंड ठेवणं हे रेडिएटरचं काम. तो गळका असला की ते काम ड्रायव्हरवर येतं, आणि ड्रायव्हर ते प्रवाशांत वाटून देतो.

खुशालने उपचारात कसूर केली नाही. आधी साबण लावून पाहिला. मग कोणी सांगितलं म्हणून आत हळद टाकली (हा उपाय सर्वमान्य आहे, गुण कोणाला आला ते कळत नाही). गळती थांबली नाही, पण गाडी तापली की बोनेटमधून वरण उकळल्याचा वास येऊ लागला आणि डबा विसरून आलेले प्रवासी हळवे होऊ लागले. शेवटी त्याने सगळ्यात भरवशाचा उपाय केला. पाण्याची कॅन सोबत ठेवली.

अर्ध्या वाटेवर बोरिंग होती, म्हणजे हातपंप. तिथे गाडी थांबे. तापल्या रेडिएटरचं टोपण लगेच उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, म्हणून आधी तो निवू द्यावा लागे. निवू द्यायचं म्हणजे वाट पाहायची, आणि वाट पाहायची म्हणजे चहा प्यायचा. हे ओळखून शकुंतलाबाईंनी बोरिंगजवळ चूल मांडली. चहा आला म्हणून भजी आली, भजी आली म्हणून बाक आला, आणि बाकावर राजकारण, सोयरीक व धानाचा भाव ही तिन्ही खाती उघडली. कामठ्याच्या केशोरावांनी मुलीचं लग्न याच बाकावर जमवलं. मुलाचे वडील खरं तर गोंदियाला दुसरीच मुलगी पाहायला निघाले होते. रेडिएटर निवेपर्यंत त्यांचं मत बदललं.

तक्रारी नव्हत्या असं नाही. निम्मे प्रवासी थांब्याबद्दल कुरकुरत. उरलेले निम्मे, थांबा लवकर आटोपल्याबद्दल.

अशा सुरळीत व्यवस्थेला धक्का घरातूनच बसतो. खुशालची बायको रचना हिला गोंदियाच्या एका सरकारी वसतिगृहात मदतनिसाच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं होतं. मांडीवर कागदांची पिशवी घेऊन ती नवऱ्याच्या शेजारी पुढे बसली. गाडी बोरिंगवर थांबली.

"चला ना जी," रचना म्हणाली. "माही मुलाखत हाय."

"टोपण उघडून माहं तोंड भाजलं तं?" खुशाल म्हणाला. "निवू दे जरासा."

"बस ना बाई," केशोराव बाकावरून म्हणाले. "कोणता साहेब टाईमावर येऊन राहिला?"

साहेब त्या दिवशी वेळेवर आले. (अशा घटना तुरळक असल्या तरी घडल्या आहेत.) रचना पोचली तेव्हा शिपाई खुर्च्या आत नेत होता. उशीर का झाला, ते तिने खरं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "निदान पटेल असं तरी कारण द्यायचं." पण त्यांना दया आली, आणि राहिलेल्यांसाठी पुढचा एक दिवस नेमला गेला.

परतताना रचना मागे बसली. उतरताना तिने भाडं दिलं. नवऱ्याच्या हातात, सगळ्यांसमोर. खुशालला ते खिशात घालता येईना आणि परतही करता येईना.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "गाडीले रोज पाणी पाजता. मले एक दिवस टाईमावर पोचवता नाई आलं."

दुसऱ्या दिवशी खुशालने गोंदियात गाडी ईश्वरदास मिस्त्रीपुढे उभी केली. मिस्त्रीने रेडिएटर काढून उन्हात धरला आणि त्यातून आरपार बाजार पाहिला.

"भैया, ये रेडिएटर नहीं, चालनी है."

नवा बसला. पुढच्या खेपेला रचना साहेबांच्या आधी पोचली आणि तिला जागा मिळाली. वास्तविक गोष्ट इथे संपायला हवी होती.

पण गाडी थांबेना. पहिल्या दिवशी प्रवाशांनी खुशालचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी बोरिंग आली तेव्हा सगळ्यांच्या माना एकदम तिकडे वळल्या. शकुंतलाबाई हातात किटली घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी लोक ऑफिसं उघडायच्या आधीच गोंदियाला पोचले आणि कुलपांकडे बघत उभे राहिले.

"रेडिएटर नवा घेतला तं माणुसकी इकली का, खुशालभाऊ?" केशोरावांनी विचारलं, आणि ते त्याच वाटेवर धावणाऱ्या टिकारामच्या गाडीत बसू लागले. टिकारामचा रेडिएटर धडधाकट होता. पण धंद्याची हवा ओळखून तोही त्याच आठवड्यात गळू लागला.

रिकाम्या सीटा घेऊन खुशाल मिस्त्रीकडे गेला आणि जुना रेडिएटर परत मागितला. तो भंगारात गेला होता.

मग एके सकाळी गाडी बोरिंगवर थांबली. खुशालने बोनेट उघडलं आणि आजाऱ्याची नाडी बघावी तशा गंभीर चेहऱ्याने आत पाहिलं. होते नव्हते ते प्रवासी मुकाट्याने उतरून बाकावर बसले. रेडिएटरकडे कोणीही पाहिलं नाही. एवढी सभ्यता गोंदिया जिल्ह्यात आहे. खुशालने कॅन भरली आणि गाडीमागच्या पळसाच्या बुडाशी ओतली.

कामावर निघालेली रचना खाली उतरली.

"पाणी कुठं टाकून राहिले जी?"

"पळसाले."

"काऊन, तोही तापला का?"

खुशालने रिकाम्या कॅनचं झाकण घट्ट लावलं. रचनाने बाकाकडे पाहिलं. लोक तिच्यासाठी सरकून जागा करत होते.

"अर्धा कप द्या, शकुंतलाबाई," ती म्हणाली आणि बसली. "मी आतापासून टाईम धरूनच निघत जाईन."

केशोराव पुढच्याच आठवड्यात परतले. व्यवस्था आता पूर्ववत आहे. टिकारामचा रेडिएटरही आपोआप बरा झाला.

हे वाचून शहाण्या वाचकाला हसू आलं असेल. हरकत नाही. हसून झालं की उठा आणि मोरीतल्या नळाखालची बादली रिकामी करून या. एव्हाना भरली असेल. नळवाल्याला बोलवायची घाई नाही. फक्त त्या पाण्यावर वाढवलेली कोथिंबीर पाहुण्यांना कौतुकाने दाखवता, तेवढी दाखवू नका.